शिपायाचे मत कोणाच्या मालकीचे?

अमेरिकेत निवडणुकीचा हंगाम आला की एक प्रश्न हटकून विचारला जातो : फौज कोणाच्या बाजूची? शेतकरी कोणाच्या बाजूचे, कामगार कोणाच्या बाजूचे, हे प्रश्न लोकशाहीत नित्याचेच आहेत व त्यांत वावगे असे काही नाही. परंतु ज्यांच्या हाती राष्ट्राने शस्त्र दिले आहे त्यांची पक्षवार मोजदाद होऊ लागली, आणि प्रतिस्पर्धी पक्ष 'फौज आमची' असे छातीठोकपणे सांगू लागले, म्हणजे सुज्ञांनी क्षणभर थांबून विचार करावा असाच तो प्रसंग होय. गेल्या पन्नास वर्षांत अमेरिकन सैनिकांचा राजकीय कल एकदाच नव्हे, तर वारंवार पालटला आहे. हे पालटणे देशाला घातक आहे काय, असे आम्हांस कोणी विचारले तर आमचे उत्तर नकारार्थी राहील. शिपायाचे मत बदलते यात त्याच्या नागरिकत्वाची साक्ष आहे. घातक आहे ती पक्षांनी त्या मतावर सांगितलेली मालकी, आणि त्या मालकीला सेनापतींनी आपल्या गणवेशाचा दिलेला आधार.

हा सारा विषय सातासमुद्रापलीकडचा आहे म्हणून वाचकांनी त्याकडे पाठ फिरवू नये. जगातील दोन मोठ्या लोकशाही राष्ट्रांनी लष्कराला राजकारणापासून दूर ठेवण्याची रीत आजवर पाळली आहे. त्यांपैकी एक अमेरिका, दुसरे आपण. तिकडे त्या रीतीची वीण कोठे उसवली हे पाहणे आपल्याही हिताचे आहे.

प्रथम इतिहासाकडे वळू. १८६४ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले असताना अध्यक्षपदाची निवडणूक झाली. एका बाजूला अध्यक्ष लिंकन, तर दुसऱ्या बाजूला डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार जनरल मॅक्लेलन. हे मॅक्लेलन उत्तरेच्या मुख्य सैन्याचे एकेकाळचे सेनापती. शिपाई त्यांच्यावर जीव टाकीत, प्रेमाने त्यांना 'लिटल मॅक' म्हणत. लिंकन यांनी १८६२ साली त्यांना सेनापतिपदावरून दूर केले, तेव्हा छावणीत हळहळ व्यक्त झाली होती. अशा लोकप्रिय सेनापतीला सैनिकांची मते पडणार, असा डेमोक्रॅटिक पक्षाचा हिशेब होता. परंतु युद्धाचा प्रयत्न फसला आहे व आता तह करावा, असा ठराव त्याच पक्षाने शिकागोच्या अधिवेशनात केला. ज्यांनी आपले सोबती रणांगणावर पुरले होते त्या शिपायांना तो ठराव मानवला नाही. सैनिकांची जी मते वेगळी मोजली गेली त्यांत शंभरांपैकी सुमारे ७८ मते लिंकन यांना पडली. देशातील एकूण मतदानात त्यांचा वाटा सुमारे ५५ टक्के होता. ज्या सेनापतीवर प्रेम केले त्याला शिपायांनी मत दिले नाही. प्रेम व्यक्तीवर, आणि मत आपल्या बुद्धीला पटेल तिकडे, असा विवेक त्या सामान्य शिपायांनी दाखविला. याच निवडणुकीत लिंकन यांच्या युद्धखात्याने विरोधी मताच्या अधिकाऱ्यांवर दडपण आणल्याचे इतिहासकारांनी नोंदविले आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. एकाच प्रसंगात शिपायाचे स्वातंत्र्य आणि सत्तेचा मोह अशी दोन्ही चित्रे दिसतात.

यादवीनंतरच्या काळात अमेरिकन अधिकारीवर्गात वेगळीच रीत रूढ झाली. राजकारण हा आपला प्रांत नव्हे, असे मानून अनेक अधिकारी मतदानच करीत नसत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन भूदलाचे प्रमुख असलेले जनरल मार्शल यांनी सेवेत असताना कधीही मत दिले नाही. त्यांना पक्ष विचारला असता ते वडिलांचा एक पक्ष सांगत, आईचा दुसरा सांगत, आणि स्वतःचा म्हणून आपला धर्मपंथ सांगून मोकळे होत! जनरल आयसेनहॉवर यांचे उदाहरण याहून बोलके आहे. युरोपातील विजयानंतर दोन्ही पक्ष त्यांच्या उंबरठ्यावर उभे होते, परंतु ते कोणत्या पक्षाचे आहेत हे १९५२ साल उजाडेपर्यंत जगाला ठाऊक नव्हते. राजकारणात उतरण्याचे ठरल्यावर त्यांनी आपल्या लष्करी अधिकारपदाचा राजीनामा दिला आणि मगच ते मतदारांपुढे गेले. जो सेनापती ही मर्यादा ओलांडील त्याची गय होणार नाही, हे अध्यक्ष ट्रूमन यांनी त्याआधीच, एप्रिल १९५१ मध्ये, जनरल मॅकआर्थर यांना बडतर्फ करून दाखवून दिले होते.

ही रीत कशी ढिली झाली? ओल होल्स्टी या विद्वानांनी वरिष्ठ लष्करी अधिकाऱ्यांच्या मतांची अनेक वर्षे नोंद ठेवली. १९७६ साली या अधिकाऱ्यांपैकी सुमारे ३३ टक्के स्वतःला रिपब्लिकन म्हणवीत, तर सुमारे ४६ टक्के आपण कोणत्याही पक्षाचे नाही असे सांगत. वीस वर्षांनी, १९९६ साली, रिपब्लिकन म्हणविणारे ६७ टक्क्यांवर गेले आणि अपक्ष २२ टक्क्यांवर आले. या आकड्यांत आमच्या मते रिपब्लिकनांची वाढ ही मोठी गोष्ट नव्हे. मोठी गोष्ट आहे ती अपक्षांची घट. 'माझा पक्ष कोणता हे विचारू नका' असे म्हणणारा अधिकारी वीस वर्षांत अल्पसंख्य झाला.

याची कारणे अनेक होती. व्हिएतनामच्या युद्धाने देश दुभंगला आणि १९७३ साली सक्तीची लष्करभरती बंद झाली. त्यापूर्वी श्रीमंताचा मुलगा व गरिबाचा मुलगा, उत्तरेकडचा व दक्षिणेकडचा, उदारमतवादी व परंपरावादी असे सारे थोडेफार एकाच बराकीत येत. सक्ती गेली तशी ही सरमिसळही ओसरली. जे स्वखुशीने आले त्यांत दक्षिणेकडील राज्यांतील व लष्करी घराण्यांतील तरुणांचा भरणा अधिक झाला. नेमक्या याच काळात दक्षिणेकडील गोरा मतदार डेमोक्रॅटिक पक्ष सोडून रिपब्लिकन पक्षाकडे वळत होता, आणि तेथून आलेला सैनिकही तेच मत घेऊन आला. हार्वर्ड, येल, कोलंबिया यांसारख्या विद्यापीठांतून अधिकारी तयार करण्याचे लष्करी शिक्षणवर्ग व्हिएतनामच्या निषेधात बंद पडले. ते परतायला २०११ साल उजाडावे लागले. एप्रिल १९८० मध्ये इराणमधील ओलिसांच्या सुटकेसाठी गेलेली मोहीम वाळवंटातच कोसळली आणि आठ सैनिक प्राणास मुकले. अध्यक्ष कार्टर स्वतः नौदलाचे अधिकारी राहिलेले होते, तरीही त्या अपयशाचा डाग त्यांच्या पक्षाला लागला. पुढे रेगन यांनी संरक्षणावरचा खर्च वाढविला, सैनिकाला मानाचे स्थान दिले. व्हिएतनामहून परतलेल्या अपमानित अधिकाऱ्यांच्या पिढीने ते उपकार स्मरणात ठेवले, यात नवल नाही.

अशा रीतीने 'फौज रिपब्लिकनांची' हा समज रूढ झाला, आणि समज रूढ झाला की त्याचा व्यापार सुरू होतो. २००० सालच्या निवडणुकीत फ्लॉरिडा राज्यात धाकटे बुश व गोर यांच्यात अटीतटीची झुंज झाली. परदेशातून आलेल्या टपाली मतपत्रिका मोजण्यापूर्वी बुश यांची आघाडी ३०० मतांची होती. त्या मोजल्यावर ती ९३० झाली. अखेरचा अधिकृत फरक ५३७ मतांचा राहिला. या टपाली मतांत सैनिकांची मते बरीच होती, आणि ज्यांवर टपालाचा शिक्का नाही अशा पाकिटांचे काय करायचे यावर दोन्ही पक्षांत कडाक्याचा वाद झाला. एका पक्षाला नियमाची एकाएकी आठवण झाली, दुसऱ्याला सैनिकाच्या त्यागाची. पाकिटातील मत उलट बाजूचे निघण्याचा संभव असता तर दोघांनीही आपापल्या भूमिकांची अदलाबदल केली असती, असे म्हटल्यास त्यांच्यावर अन्याय होणार नाही.

मात्र कोणत्याही पक्षाने माणसाच्या मनावर कायमची मालकी सांगू नये, हा धडा काळानेच दिला. सैनिकांसाठी निघणाऱ्या 'मिलिटरी टाइम्स' या नियतकालिक समूहाच्या पाहणीत २००४ साली ७३ टक्के सैनिकांनी बुश यांना, तर १८ टक्क्यांनी केरी यांना पसंती दिली होती. २००८ साली मॅकेन यांना ६८ व ओबामा यांना २३ टक्के पसंती मिळाली. मॅकेन हे व्हिएतनाममध्ये पाच वर्षांहून अधिक काळ बंदिवास सोसलेले नौदल वैमानिक. त्यांच्यासारखा उमेदवार असतानाही आकडा थोडा उतरलाच. आणि २०२० च्या उन्हाळ्यात याच समूहाने सेवेतील सुमारे एक हजार सैनिकांना विचारले तेव्हा बायडन यांना ४१ व ट्रम्प यांना ३७ टक्के अशी पसंती आली. सोळा वर्षांपूर्वी जेथे चौपट फरक होता तेथे पारडे उलट बाजूला झुकले.

या आकड्यांवर आंधळा विश्वास ठेवावा असे आम्ही म्हणत नाही. अशा पाहण्यांत त्या नियतकालिकांच्या वाचकांचा, म्हणजे वयाने व हुद्द्याने मोठ्या सैनिकांचा, भरणा अधिक असतो. जेसन डेम्प्सी या लष्करी अधिकाऱ्याने २००४ साली भूदलात केलेली पाहणी पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तिच्यातून असे दिसले की अधिकारीवर्गाचा कल रिपब्लिकन पक्षाकडे खरोखरच अधिक असला तरी साध्या शिपायाचे राजकीय मत चारचौघा नागरिकांच्या मतासारखेच विविध आहे, आणि पक्षाशी त्याची बांधिलकी तर बेताचीच आहे. म्हणजे 'फौजेचे मत' म्हणून जे मिरविले जात होते ते पुष्कळसे अधिकाऱ्यांच्या भोजनगृहातील मत होते.

तरीही कल पालटला, हे नाकारता येत नाही, आणि त्याची कारणेही समजण्यासारखी आहेत. अफगाणिस्तान व इराक येथील युद्धे लांबत गेली. तेच ते शिपाई पुनःपुन्हा आघाडीवर पाठविले गेले. ज्या पक्षाने ती युद्धे आरंभिली त्याच्याबद्दलचा भ्रमनिरास आतून वाढत गेला. २००६ साली काही निवृत्त सेनापतींनी संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांचा राजीनामा उघडपणे मागितला. दरम्यान सैन्याचे अंतरंगही बदलले. आज तेथील सेवारत सैनिकांत सुमारे १७ टक्के स्त्रिया आहेत, कृष्णवर्णीय व स्पॅनिशभाषक घरांतील तरुणांचे प्रमाण मोठे आहे. हे तरुण आपापल्या घरची मते घेऊन येतात. मग पुन्हा २०२४ साली प्यू या संशोधनसंस्थेच्या पाहणीत माजी सैनिकांपैकी शंभरांत सुमारे ६१ जण ट्रम्प यांच्या बाजूचे आढळले. माजी सैनिकांत वृद्ध व पुरुष अधिक असल्याने त्यांचा कल सेवेतील सैनिकांहून वेगळा असणे स्वाभाविक आहे. तात्पर्य, 'फौज' नावाचे एकमताने डोलणारे शीर अस्तित्वात नाही. सुमारे तेरा लाख सेवारत माणसे, त्यांची घरे, त्यांचे अनुभव व त्यांचे निर्णय, एवढेच काय ते खरे आहे.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, मग सैनिकाला मत तरी असावे कशाला? मार्शल यांच्याप्रमाणे सर्वांनीच मतदान वर्ज्य करावे. हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. मार्शल यांचा संयम वंदनीय होता. पण सेनाप्रमुखाने स्वतःवर घातलेले बंधन लाखो सामान्य शिपायांवर लादता येणार नाही. ज्याला सरकारच्या हुकुमाने मरायला जायचे आहे त्याला ते सरकार निवडण्याचा हक्क नाकारणे हा अन्यायच होईल. १९४५ सालच्या ब्रिटनकडे पाहा. ५ जुलैला मतदान झाले, परंतु जगभर पसरलेल्या सैनिकांची मते येऊन पोचावीत म्हणून मतमोजणी २६ जुलैपर्यंत थांबली. युद्ध जिंकून देणाऱ्या चर्चिल यांचा पक्ष पराभूत झाला, मजूर पक्षाला ३९३ जागा मिळाल्या, आणि सैनिकांच्या मतांचा ओघ मजूर पक्षाकडे होता असे सर्वत्र मानले गेले. सैनिकांत प्रचलित घडामोडींच्या चर्चा घडवून आणणाऱ्या लष्करी शिक्षणविभागावर काही हुजूरपक्षीयांनी दोष ठेवला. परंतु चर्चिल यांनी निकाल शिरोधार्य मानून त्याच दिवशी राजीनामा दिला. शिपायाने रणांगणावर चर्चिल यांचा हुकूम पाळला आणि मतपेटीत स्वतःच्या मनाचा कौल दिला. या दोन गोष्टी एकाच माणसात सुखाने नांदू शकतात, याहून लोकशाहीच्या प्रौढपणाचा दुसरा पुरावा कोणता हवा?

आम्ही एकेकाळी शाळेत नागरिकशास्त्र शिकवीत असू, तेव्हाची एक गोष्ट आठवते. सातारा जिल्ह्यातून शहरात शिकायला आलेला, हवालदाराचा मुलगा वर्गात होता. टपाली मतदानाचा धडा चालला असता त्याने उभे राहून विचारले, "सर, माझ्या वडिलांचे मत त्यांच्या साहेबांना कळते का?" आम्ही त्याला सांगितले की प्रतिज्ञापत्रावर साहेबांची साक्ष असते, पण मतपत्रिका वेगळ्या पाकिटात बंद असते, ते पाकीट साहेबांनाच काय, सेनापतींनाही फोडता येत नाही. मुलाचा चेहरा खुलला. "म्हणजे सलाम साहेबांना, आणि मत वडिलांचे," असे म्हणून तो खाली बसला. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आम्हांस जे अर्ध्या पानात नीट मांडता आले नव्हते ते त्या पोराने एका वाक्यात मांडले.

अमेरिकेतील कायदाही तत्त्वतः हेच म्हणतो. तेथील संरक्षणखात्याच्या नियमांनुसार सेवेतील सैनिकाला मत देता येते, आवडत्या उमेदवाराला वर्गणी देता येते, आपल्या मोटारीवर छोटी चिठ्ठीही चिकटविता येते. परंतु गणवेशात पक्षाच्या सभेला जाता येत नाही, प्रचाराचे भाषण करता येत नाही. माणसाचे मत त्याच्यापाशी आणि गणवेश राष्ट्राचा, अशी ही वाटणी आहे. ती पुसट करण्याचे काम शिपायांनी आरंभिले नाही. त्याचे श्रेय, किंवा अपश्रेय, पुढाऱ्यांकडे व निवृत्त सेनापतींकडे जाते.

१९९२ साली निवृत्त सेनाप्रमुख ॲडमिरल क्रो यांनी क्लिंटन यांना जाहीर पाठिंबा दिला. पुढे ते ब्रिटनमध्ये अमेरिकेचे राजदूत झाले. तेव्हापासून प्रत्येक उमेदवाराला आपल्या मागे सेनापतींची रांग उभी करण्याची चटक लागली. २०१२ साली रॉम्नी यांच्या बाजूने सुमारे पाचशे निवृत्त जनरल व ॲडमिरल यांची यादी जाहिरातीत झळकली. २०१६ साली एका पक्षाच्या अधिवेशनात निवृत्त जनरल ॲलन गरजले, तर दुसऱ्याच्या अधिवेशनात निवृत्त जनरल फ्लिन. तेव्हा माजी सेनाप्रमुख जनरल मार्टिन डेम्प्सी यांना वर्तमानपत्रात पत्र लिहून, सेनापतींची जागा पक्षाच्या अधिवेशनात नाही, असे आपल्याच सहकाऱ्यांना सुनवावे लागले. निवृत्त माणूस मोकळा आहे हे खरे. परंतु त्याच्या नावामागे 'जनरल' ही पदवी आहे म्हणूनच त्याला व्यासपीठ मिळते, आणि ती पदवी त्याच्या एकट्याच्या कमाईची नाही. तिच्यात त्याच्या हाताखाली लढलेल्या, भिन्न भिन्न मतांच्या हजारो शिपायांचा वाटा आहे.

सेवेतील सेनाप्रमुखही या ओढाताणीतून सुटले नाहीत. १ जून २०२० रोजी निदर्शकांना हटविल्यावर अध्यक्ष ट्रम्प लाफायेट चौकातून चालत गेले तेव्हा सेनाप्रमुख जनरल मिली लष्करी पोशाखात त्यांच्यासमवेत दिसले. दहा दिवसांनी त्यांनी, आपण तेथे असायला नको होतो, अशी जाहीर कबुली दिली. ती कबुली देण्यास धैर्य लागले असेल, पण मुळात ती वेळच यायला नको होती. सप्टेंबर २०२२ मध्ये अध्यक्ष बायडन यांनी फिलाडेल्फियात आपल्या विरोधकांवर घणाघाती भाषण केले तेव्हा त्यांच्या पाठीमागे दोन गणवेशधारी मरीन सैनिक उभे होते. आणि जून २०२५ मध्ये फोर्ट ब्रॅग येथील लष्करी तळावर अध्यक्ष ट्रम्प यांच्या भाषणाच्या वेळी, त्यांच्या मागे बसलेल्या गणवेशातील सैनिकांनी त्यांच्या वाक्यांवर जल्लोष केला, आणि राजकीय विरोधकांची व पत्रकारांची हुर्यो उडविली. हे तिन्ही प्रसंग सारख्या वजनाचे आहेत असे आम्ही म्हणत नाही. भाषणामागे निमूटपणे उभा असलेला सैनिक आणि हुर्यो उडविणारा सैनिक यांत अंतर आहे. दुसऱ्या प्रसंगात शिपाई स्वतःच प्रचारसभेचा भाग झाला, म्हणून तो अधिक गंभीर होय. परंतु ज्याने पहिल्या प्रकाराकडे काणाडोळा केला त्याचा दुसऱ्या प्रकारावरचा संताप फार वेळ टिकत नाही.

यात नुकसान काय, असे कोणी विचारील. पहिले नुकसान सल्ल्याचे. युद्धाचा निर्णय घेताना निवडून आलेला शास्ता सेनापतीकडे नको असलेले सत्य ऐकण्यासाठी पाहत असतो. हा सेनापती 'आपला' की 'त्यांचा' अशी शंका एकदा मनात शिरली की सत्य सांगणारा दूर सारला जातो आणि जो गोड बोलेल तो जवळ येतो. बढत्या मतांवर होऊ लागतात, निदान तशा होत आहेत असे खालच्या अधिकाऱ्यांना वाटू लागते. आणि लष्करात हे वाटणेही तितकेच घातक असते. दुसरे नुकसान विश्वासाचे. गॅलप संस्थेच्या पाहणीत २०१८ साली ७४ टक्के अमेरिकनांचा आपल्या लष्करावर दृढ विश्वास होता. २०२३ साली तो ६० टक्क्यांवर आला. अफगाणिस्तानातून घेतलेल्या माघारीचा वाटा त्यात आहेच. पण ज्या लष्कराला अर्धा देश 'त्यांचे' समजू लागतो, त्याच्यावर संकटाच्या रात्री सारा देश विसंबून राहू शकत नाही.

या रोगाचे मूळ आमच्या मते पक्षांच्या हावेहूनही खोल आहे. सुमारे चौतीस कोटींच्या देशात सेवेत असलेले सैनिक लोकसंख्येच्या अर्ध्या टक्क्याहून कमी आहेत. सुशिक्षित, सुस्थित घरांतील बहुतेकांना सैनिक हा प्रत्यक्षात भेटतच नाही. तो भेटतो चित्रात, जाहिरातीत, क्रीडांगणावरील मानवंदनेत. ज्याला आपण ओळखत नाही त्याची प्रतिमा करून पुजणे सोपे असते, आणि प्रतिमा कोणाच्याही मिरवणुकीत नेता येते. पोटचा मुलगा, भाऊ, शेजारी सीमेवर असता तर त्याचे मत आपल्याहून वेगळे असू शकते, हे आपल्याला घरातल्या भांडणातूनच कळले असते.

हे वाचताना आपल्याला आपले स्वतःचे चित्र आठवल्यावाचून राहू नये. आपल्या घटनेच्या ३३ व्या अनुच्छेदाने सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला, लष्कराच्या नियमांनी सेवेतील माणसाला पक्षकार्यापासून दूर ठेवले, आणि त्याच वेळी १९५० च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याने त्याचा मताधिकार राखला. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत आपले पहिले भारतीय सरसेनापती जनरल करिअप्पा आपल्या मुंबईतूनच अपक्ष म्हणून उभे राहिले होते. सेवेतून निवृत्त होऊन त्यांना अठरा वर्षे लोटली होती, देशभर त्यांचा मान होता, आणि तरीही मुंबईच्या मतदारांनी त्यांना निवडून दिले नाही. त्यात त्यांचा अपमान झाला नाही. सेनापती म्हणून मुजरा आणि उमेदवार म्हणून परीक्षा, हा फरक त्या मतदारांनी ओळखला. पुढे १९८६ साली त्यांना फील्ड मार्शल हा सर्वोच्च किताब मिळाला तेव्हा साऱ्या देशाला आनंदच झाला.

परंतु अलीकडचा काळ इतका स्वच्छ नाही. प्रचाराच्या फलकांवर जवानांची छायाचित्रे लावू नयेत, असे आपल्या निवडणूक आयोगाला २०१३ साली पक्षांना बजावावे लागले, आणि मार्च २०१९ मध्ये तेच पुन्हा बजावावे लागले. आयोगाला एकच सूचना दोनदा द्यावी लागते याचा अर्थ पहिल्या वेळी ती ऐकली गेली नाही. आणि ती का ऐकली जात नाही, याचे उत्तर केवळ पुढाऱ्यांकडे नाही. त्या फलकाखाली टाळ्या वाजविणारे हात सुशिक्षितांचेही असतात. साताऱ्या-कोल्हापूरच्या गावांतून पिढ्यान् पिढ्या मुले सैन्यात गेली. शहरातील आपण मध्यमवर्गीय लोक मात्र आपली मुले अभियांत्रिकीला किंवा परदेशी धाडतो आणि दिवाणखान्यात बसून सैनिकाच्या नावाने एकमेकांना देशद्रोही ठरवितो. सैनिकाला काय वाटते हे त्याला न विचारता सांगणाऱ्यांची संख्या वाढली आहे. ही त्याच्याबद्दलची भक्ती नव्हे. त्याच्या नावाचा हा उसना वापर आहे.

तेव्हा करावे काय? निवृत्त सेनापतीला राजकारणात यायचे असेल तर त्याने अवश्य यावे, पण दरम्यान काही वर्षांचे अंतर राखावे, आणि आपल्या छातीवरील पदके घरी ठेवून मते मागावीत. पक्षांनी जवानांच्या वेतनाविषयी, निवृत्तिवेतनाविषयी, शस्त्रांविषयी हवे तितके वाद घालावेत. तो त्यांचा धर्मच आहे. पण जवानाचा चेहरा फलकावर छापू नये. वर्तमानपत्रांनीही, आम्हांसह, 'फौज कोणाच्या बाजूची' असल्या मथळ्यांचा मोह आवरावा. आणि वाचकांनी एवढेच करावे : सैनिकांच्या नावाने कोणी मत मागू लागला की, हे सांगायला तुम्हांला सैनिकांनी पाठविले आहे काय, असे त्याला शांतपणे विचारावे.

अमेरिकन शिपायाचे मत उद्या पुन्हा बदलेल. ते बदलावे आणि बदलण्यास मोकळे राहावे, यातच त्या देशाचे कुशल आहे. आमच्या वर्गातील त्या मुलाचे वाक्य वॉशिंग्टनमध्ये कोणी ऐकणार नाही. पण आपल्याकडे ते विसरले जाऊ नये. सलाम साहेबांना, आणि मत वडिलांचे. त्या पाकिटाला बाहेरून हात लावण्याचा अधिकार साहेबांना नाही, पुढाऱ्यांना नाही, आणि शहरात बसून जयघोष करणाऱ्या आपणांसही नाही.